पौषातली पिल्लं

पार्वो हा आजार माझ्याहून लहान आहे. कुत्र्याच्या पिल्लांचा जीव घेणारा हा विषाणू १९७८ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या कुळातलं काहीतरी थोडंसं बदललं, कुत्र्याच्या पेशींचं कुलूप त्याला उघडता आलं, आणि दोनेक वर्षांत ते जगभर पोचलं. माणसाच्या उंबऱ्यावर कुत्रा हजारो वर्षं बसलेला आहे. त्या मानानं हे संकट कालपरवाचं. तरी आमच्या गल्लीत ते आता ठरल्या वेळी येतं. भाद्रपद सरल्यावर दोनेक महिन्यांनी कुणाच्या तरी जिन्याखाली, वाळूच्या ढिगाआड कुईकुई सुरू होते. पौष लागेपर्यंत ती पिल्लं येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत घोटाळू लागतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांतलं एखादं कोपरा धरून बसतं. खाणं टाकतं. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. तिचा वास एकदा नाकात बसला की पुढे कधीही दवाखान्याच्या दारातच कळतं, आत काय आहे ते.

या विषाणूला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. वाढत्या पिल्लात त्या आतड्याच्या अस्तरात असतात आणि अस्थिमज्जेत. अस्तर सोलवटलं की अन्नपाणी अंगी लागत नाही आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जिथे जन्मतात, ती जागाही त्यानंच पोखरलेली असते. वाढीचं बळ तेच वैऱ्याच्या कामी येतं.

आणि मला सर्वांत छळणारी गोष्ट आईच्या दुधात आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू चीक पितं, त्यातून आईचं संरक्षण त्याच्यात उतरतं. दर नऊ-दहा दिवसांनी ते साधारण निम्म्यावर येतं. मग एक काळ असा येतो, की उरलेलं संरक्षण रोगाला अडवायला पुरत नाही, पण लशीला मात्र अडवतं. आईचं सरत आलेलं, लशीचं अजून धरत नाही, अशा त्या फटीत पिल्लू उघडं पडतं. कुठल्या पिल्लाची फट कुठल्या आठवड्यात, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून तर सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा टोचायची. ‘एक डोस दिला, झालं’ असं म्हणणारं कुणी भेटलं की त्याचा हात धरून हे सगळं सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतेही.

विषाणूला थेट मारणारं औषध आपल्या दवाखान्यांत नाही. उपचार म्हणजे मीठ, पाणी, साखर आणि जागरण. आमच्या गल्लीतलं काळं पिल्लू टेबलावर ठेवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पुढच्या पायावरचे केस भादरले, वरून अंगठ्यानं दाब दिला, पण शीर वर येईना. अंगातलं पाणी आटलं की शिराही बसतात. शेवटी पिवळ्या टोपणाची बारीक सुई आत गेली. आर.एल.ची बाटली, त्यात पोटॅशियम. साखर उतरली म्हणून डेक्स्ट्रोज. उलटी थांबवायचं इंजेक्शन. रक्तातल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक. चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, “ताई, विषाणूशी ते पिल्लूच लढणार. आपण फक्त तोवर त्याला तगवायचं.”

वैद्यकाचं यात काही उणं पडतंय असं मला वाटत नाही. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं जातात. वेळेत सलाईन लागलेली बहुतेक जगतात. एवढा फरक थेंबाथेंबानं पडतो, आणि तो पाडणारी माणसं रात्री-अपरात्री उठून बाटली बदलतात. पूर्वी उलट्या थांबेपर्यंत पिल्लाला उपाशी ठेवत. आता थोडं थोडं पातळ अन्न लवकरच सुरू करतात, गरज पडली तर नळीनं, कारण आतड्याचं अस्तर समोर आलेल्या घासावरच पुन्हा उगवतं. २०२३ मध्ये अमेरिकेत या विषाणूला पेशीत शिरण्याआधीच पकडणाऱ्या प्रतिपिंडाच्या इंजेक्शनला सशर्त मंजुरी मिळाली. ते आमच्या गल्लीपर्यंत यावं, आणि रस्त्यावरच्या पिल्लासाठी वर्गणी काढून घेता येईल अशा किमतीत यावं.

काळं पिल्लू वाचलं. त्याची बहीण उशिरा सापडली. तिची शीर मिळालीच नाही. जिन्याखालची फरशी मी ब्लीचच्या पाण्यानं धुतली, कारण फिनेलला हा विषाणू दाद देत नाही आणि बाहेर महिनोन्महिने टिकून राहतो. बाकीच्या भावंडांचा पुढचा डोस रविवारी आहे. झाकणाची टोपली, जुना टॉवेल आणि पिल्लं धरायला शेजारची दोन शाळकरी पोरं ठरवून ठेवली आहेत.