खारे वारे, मतलई वारे

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच पाठ केलंय: दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. हवेतलं सूक्ष्मप्लास्टिक, म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान तुकडे आणि धागे, मोजणं हे माझं काम. वर्सोव्यातल्या एका गच्चीवर आमचा पंप दिवसभर हवा ओढतो आणि काचतंतूंच्या गाळणीतून सोडतो. खाली कोळीवाड्यात नायलॉनची जाळी पसरलेली असतात, आजूबाजूच्या गॅलऱ्यांत पॉलिएस्टरच्या साड्या वाळत असतात.

या कामात सर्वांत जास्त वेळ जातो तो स्वतःला वगळण्यात. प्रयोगशाळेत आम्ही सगळे गडद लाल सुती एप्रन घालतो. आमच्याच अंगावरचा धागा पडला तर ओळखू यावा म्हणून. प्रत्येक नमुन्याशेजारी एक कोरी गाळणी उघडी ठेवतो आणि तिच्यावर जे पडेल ते हिशेबातून वजा करतो. ती गाळणी कोरीच राहिलेली मी आजवर पाहिलेली नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली सुताचा धागा चपटा दिसतो, पीळ पडलेल्या फितीसारखा. पॉलिएस्टरचा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा. तापलेली सुई जवळ नेली की आक्रसतो. टायरच्या झिजेचे काळे कण मात्र फार छळतात. त्यांतली काजळी अवरक्त किरण गिळून टाकते आणि कणाची ओळखच पटत नाही. इतकी वाहनं असलेल्या शहरात नेमकी हीच नोंद अपुरी राहते, याची मला खंत आहे.

समुद्रात गेलेलं प्लास्टिक समुद्रातच राहतं, असं आम्ही पूर्वी धरून चालायचो. 2020 साली फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांत दर घनमीटर हवेमागे 19पर्यंत कण सापडले. लाटेतला बुडबुडा फुटताना कण वर उडतो आणि वारा तो उचलतो. मतलई वाऱ्याने नेलेलं खारा वारा परत आणू शकतो.

आपल्या 2009च्या हवेच्या मानकांत 12 प्रदूषकं आहेत, त्यांत प्लास्टिक नाही. धूलिकण वजनावर मोजले जातात आणि एवढासा धागा त्या वजनात हरवून जातो. माझ्या मते तो नगावर मोजायला हवा, निदान किनाऱ्यावरच्या शहरांत तरी. साओ पावलोमध्ये शवविच्छेदनात तपासलेल्या 20 जणांपैकी 13 जणांच्या फुफ्फुसांत सूक्ष्मप्लास्टिकचे कण सापडले, त्यालाही आता काही वर्षं झाली.

पाऊस सरला की कोळीवाड्यात वलांड्यांवर बोंबील वाळत पडतात. परवा गाळणी बदलून उतरत होते, तर बोंबील उलटवणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "मॅडम, आमच्या बोंबलांवर पण पडतं का हे?"

पडत असणार, म्हटलं. किती, ते सांगता यावं म्हणून आता त्यांच्या वलांडीखाली आमची एक काचेची बशी ठेवली आहे. मांजरांपासून ती मावशीच राखतात.