गोड्या पाण्याचे तळे

जन्मभर मुलांना वक्तशीरपणाचे धडे देणाऱ्या मास्तराच्या हातून घरचेच एक काम पस्तीस वर्षे लांबणीवर पडावे, ही गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि वाचकांपैकी कोणाच्या घरी असे एखादे काम खुंटीवर टांगलेले असेल, तर आमचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून तो लिहीत आहोत.

आमचे वडील बंधू आमच्याहून सोळा वर्षांनी मोठे. १९५३ साली, म्हणजे आमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, ते वडिलांबरोबर मुरूडचा जंजिरा पाहून आले होते. तोफा, बुरूज, वाडे हे सारे ते कालांतराने विसरले. एकच गोष्ट स्मरणात राहिली. चहूंकडे खारा समुद्र असता किल्ल्यातील तळ्याचे पाणी गोडे निघाले, आणि वडिलांनी ते आपल्या ओंजळीने त्यांस पाजले. आमचे वडील मोठे करडे. मुलांना जवळ घेण्याची त्यांची रीत नव्हती. म्हणूनच ती ओंजळ दादांच्या मनात घर करून राहिली. "एकदा ते तळे पुन्हा पाहावे," असे ते दर दिवाळीस म्हणत, आणि "येत्या सुट्टीत नक्की," असे आम्ही म्हणत असू. मग परीक्षा येत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येत, कोणाची मुंज निघे. सेवानिवृत्तीने या सबबी संपविल्या, तो गुडघ्यांनी नवी दिली.

अखेर २०१९ ची दिवाळी मुरूडास मेहुण्यांच्या घरी करण्याचे ठरले, आणि २५ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, आम्ही सहकुटुंब राजपुरीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. तेथून जंजिऱ्यास शिडाच्या होडीने जावयाचे. परंतु रत्नागिरीच्या पश्चिमेस भर समुद्रात 'क्यार' नामक चक्रीवादळ आकार घेत होते. पावसाची झड, सोसाट्याचा वारा. होड्यांची शिडे गुंडाळलेली.

आम्ही एका तांडेलास गाठून दुप्पट भाडे देऊ केले. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, इथून सुटायला काय नाय. पण तिकडं दरवाजाच्या पायरीला होडी लावायची. ह्या लाटेत म्हाताऱ्या माणसाला उतरवायचं कसं? होडी दगडावर आपटली म्हंजे?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. परंतु शेवटचा शब्द आपला असावा ही वर्गातील खोड. आमचा आवाज चढला. तेव्हा दादांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तो सांगतो ते ऐक. 'रामदास' विसरलास काय?" १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट वादळी समुद्रात बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यानंतर आमच्या आईने वाऱ्यापावसात घरच्या कोणासही बोटीवर पाऊल ठेवू दिले नव्हते. दादा पुढे हसून म्हणाले, "१६८२ साली संभाजीमहाराजांनी याच किनाऱ्याहून किल्ल्यापर्यंत सेतू घालू पाहिला, तोही तडीस गेला नाही. तुला दुप्पट भाड्यात जंजिरा कसा मिळेल?"

मग चहाच्या टपरीच्या आडोशास बसून दादांनी आमच्या नातीस त्या ओंजळीची कथा सांगितली. सरींच्या पडद्याआड किल्ला मधूनच दिसे, मधूनच लुप्त होई. दादा बोलत मुलीशी होते, पण पाहत किल्ल्याकडे होते.

दोनच दिवसांनी 'क्यार'ने महाचक्रीवादळाचे रूप घेतले, आणि पुढे ते ओमानच्या दिशेस जाऊन समुद्रातच विरले. कोकणात कापलेले भात मात्र शेतात भिजून गेले. "आता जानेवारीत," असे आम्ही म्हणालो. जानेवारीत दादांस खोकला झाला. मार्चमध्ये टाळेबंदी आली. २०२१ च्या पावसाळ्यात दादा गेले.

पुढील माघात आम्ही नातीस घेऊन जंजिऱ्यास गेलो. समुद्र तेलासारखा निवांत होता. तांडेलाने आमचा हात धरून आम्हांस पायरीवर उतरविले, तेव्हा त्या दिवशी तो काय सांगत होता, ते पायांस कळले. तळे सापडले. पाणी शेवाळाने हिरवे झाले होते. नातीने विचारले, "आजोबा, मोठ्या आजोबांनी हेच पाणी प्यायले होते?" आम्ही मान हलविली. तिने ओंजळ पुढे केली, क्षणभर थांबली, आणि बोटे नुसती पाण्यात बुडवून डोळ्यांस लावली.

पुष्कळ दिवस आम्ही त्या वादळास दोष देत होतो. पण वादळ एका दिवाळीचे होते. त्यापूर्वीच्या पस्तीस हिवाळ्यांत राजपुरीचा समुद्र असाच निवांत असला पाहिजे, आणि किनाऱ्यावर होड्या उभ्या असल्या पाहिजेत.

असो. वाचकांनी आपापल्या घरची खुंटी आज एकदा पाहून घ्यावी.