अमृतसर ते लाहोर

मॅप रीडिंगच्या तासाला आम्हाला दोऱ्याने रस्ता मोजायला शिकवलं आहे. नकाशावर रस्ता जसा वळतो तसा दोरा ठेवायचा, मग तो सरळ करून स्केलवर धरायचा. मला हे चांगलं जमतं. म्हणून 2025 च्या उन्हाळी सुट्टीत बाबांकडे अमृतसरला गेलो आणि बीजींनी तो प्रश्न विचारला, तेव्हा मी खूशच झालो.

बीजी आमच्या घरमालकीण. क्वार्टर मिळेपर्यंत बाबांनी त्यांचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. वय 84. त्या मला ‘काका’ म्हणायच्या. पंजाबीत लहान मुलाला काका म्हणतात हे कळेपर्यंत, त्या बाबांनाच हाक मारतात असं समजून मी ‘ओ’च देत नव्हतो.

‘‘काका, इथून लाहोरला किती वेळ लागतो?’’

मी ॲटलास काढला. ग्रँड ट्रंक रोड तिथे इतका सरळ आहे की दोऱ्याची गरजच पडली नाही. सुमारे 50 किलोमीटर. आपल्या पुणे-लोणावळ्यापेक्षाही कमी!

‘‘एक तास,’’ मी ऐटीत सांगितलं.

बीजी हसल्या. ‘‘आणि फाटक?’’

फाटक मी धरलंच नव्हतं. दोन दिवसांनी बाबांनी अटारीला नेलं. झेंडे उतरले, पण फाटक उघडलं नाही आणि दोन्हीकडच्या जवानांनी हातही मिळवले नाहीत. पलीकडे तोच रस्ता पुढे जात होता. 1965 मध्ये 3 जाटने घेतलेलं डोगराई याच रस्त्यावर आहे, हे बाबांनी दाखवून दिलं. 1976 पासून धावणारी समझौता एक्स्प्रेस 2019 मध्ये थांबली. आता फाटकही बंद. घरी येऊन मी पुन्हा हिशेब केला. अमृतसर ते दुबई विमानाने साडेतीन-चार तास, तिथे थांबा, मग दुबई ते लाहोर तीन तास. म्हणजे 50 किलोमीटरसाठी जवळजवळ अख्खा दिवस, आणि तोही व्हिसा मिळाला तर.

हे सांगायला गेलो तेव्हा बीजी भेंडी चिरत होत्या. त्या जन्मल्या लाहोरला. 1947 मध्ये आल्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. 2004 मध्ये क्रिकेटच्या मालिकेसाठी व्हिसा मिळत होते तेव्हा त्यांचे यजमान जाऊन आले, गल्लीही पाहून आले. बीजी गेल्या नाहीत. सुनेचं बाळंतपण होतं. ‘‘वाटलं, लाहोर काय, इथेच तर आहे. पुढच्या वेळी जाऊ.’’

मला काय बोलावं सुचेना. उगाच ॲटलास चाळताना रेखांश दिसले. दोन्ही शहरांत साधारण अर्ध्या अंशाचा फरक. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दोन मिनिटं. घड्याळं अर्ध्या तासाने वेगळी असली तरी अमृतसरला सूर्य उगवला की दोन मिनिटांनी तो लाहोरला उगवतो. मी त्यांना ते सांगितलं.

‘‘दोनच मिनिटं?’’ बीजींनी सुरी खाली ठेवली. मग मला ते पुन्हा नीट समजावून सांगायला लावलं.

सुट्टी संपून निघालो त्या पहाटे आमची गाडी लवकरची होती. बॅग घेऊन खाली उतरताना पाहिलं, बीजी गच्चीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर यजमानांचं जुनं मनगटी घड्याळ होतं. मी हाक मारली तेव्हा त्यांनी हातानेच ‘थांब’ अशी खूण केली.