नैरोबीला बिऱ्हाड हलवताना

मैत्रिणींनो, यजमानांची बदली नैरोबीला झाली, की आपण आधी लोणच्या-पापडांचे डबे भरायला घेतो. त्याआधी मुलाबाळांसह पीतज्वराची लस टोचून घ्या बरं! ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचा दाखला १० दिवसांनंतरच लागू होतो. बाळ ९ महिन्यांच्या आतलं असेल किंवा कुणाला अंड्याचं वावडं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

नैरोबी महाबळेश्वराहूनही उंच. पहाटे स्वेटर लागतो. इथे कसले डास, असं वाटेल. पण दाखल्याची खरी गरज परतताना, मुंबईच्या विमानतळावर. हा ताप आपल्याकडे नाही, तो पसरवणारा डास मात्र आहे. म्हणून तपासणी कडक. सासूबाईंच्या आजारपणाला धावत यावं आणि दाखल्यावाचून ६ दिवसांपर्यंत अडकून पडावं, हे कुणी सांगितलंय? २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. पासपोर्टाबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.