देव नाही, आणि भूतही नाही

माझं घर रोह्याचं आणि आजोळ पेणचं. म्हणजे वडिलांकडून धावीर महाराज आणि आईकडून गणपती, अशी दुहेरी सोय जन्मापासूनच होती. तरी हा नास्तिक कसा निघाला, असं नातेवाईक अजून विचारतात. मला वाटतं, पेणला आजोळ असल्यामुळेच निघाला!

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो की मी दिवसभर शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात. एका कोपऱ्यात साच्यातून काढलेले हात, दुसरीकडे सोंडा, उंदरांची वेगळी रांग. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर सगळ्यात मानाचा. एका दमात भुवई ओढायचा आणि मग तंबाखू मळायला घ्यायचा. गेल्या वर्षीच्या न खपलेल्या मूर्ती प्लास्टिक गुंडाळून माळ्यावर. तिथे कुणी कुणाला हात जोडत नव्हतं. तीच मूर्ती चतुर्थीला मामाच्या घरी पाटावर बसली, भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली, की चुकून पाय लागला तर पाठीत धपाटा. मग उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची जराशी हलवली, की पुन्हा माती. मला ही मांडणी फार प्रामाणिक वाटते. देवपण माणूस घालतो आणि माणूसच काढून घेतो, हे विधीतच कबूल केलेलं आहे.

रोह्याची तऱ्हा वेगळी. दसरा झाला की धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस बंदुका घेऊन रीतसर मानवंदना देतात. इंग्रजांच्या काळापासूनची प्रथा. ती बघायला मी आजही जातो. देव नसला तरी पालखी आहेच ना!

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे "मी देव मानत नाही" म्हटलं की समोरचा फारसा वाद घालत नाही. तो म्हणतो, "मग अमावास्येच्या रात्री स्मशानाजवळून एकटा जाऊन दाखव." नास्तिकाची परीक्षा नेहमी भुताच्या पेपरात! मुंजा, हडळ, खवीस, चकवा असा अभ्यासक्रमही मोठा. (सैतान हा पाहुणा शब्द, बाहेरून आलेला. आपल्याकडे वाइटाचा असा एकच मुखत्यार कधी नव्हता, खातेवाटप होतं.) उलट शिकलेली मंडळी म्हणतात, भूतबीत सब झूट, पण एक शक्ती आहे बरं का. दोघांना पुरावा विचारला तर एकच येतो : कुणाला तरी अनुभव आला.

अनुभवाचं काय होतं ते आमच्या रायगडात विंचवानं दाखवलं. कोकणातला लाल विंचू चावला की भगताकडे न्यायचे, तो मंत्रानं 'उतरवायचा'. आणि पुष्कळांना उतार पडायचाही, कारण प्रत्येक दंशात मारण्याइतकं विष जात नाही. जे बरे झाले त्यांनी गावभर सांगितलं, जे गेले ते सांगायला उरले नाहीत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या, हे विष हृदयावर कसा घाला घालतं ते पाहिलं आणि १९८०च्या दशकात प्राझोसीन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरलं. मरणारे वाचू लागले. नवसाचा हिशोबही मंत्रासारखाच असतो. फेडलेले नवस लोक सांगतात, न पावलेल्यांची वही कुणी ठेवत नाही.

महाराष्ट्राच्या कायद्याला ही दोन खाती वेगळी ठेवावी लागली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं त्यात गुन्हा आहे. देव आहे की नाही यावर अक्षर नाही. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना तर स्पष्ट सूट. दाभोलकर स्वतः देव न मानणारे, पण त्यांच्या समितीची भूमिका देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, अशीच होती. डॉ. श्रीराम लागू मात्र थेट देवालाच रिटायर करा म्हणायचे, आणि दोघं एकाच व्यासपीठावरून आपापलं मांडायचे. कायदा करायचा तर दाभोलकरांचाच रस्ता बरोबर होता. पण माणसानं स्वतःशी विचार करताना लागूंसारखं शेवटपर्यंत जावं, असं मला वाटतं.

शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? जुलै १९८९मध्ये अंबा नदीचा पूर जांभूळपाड्यात घुसला आणि गाव उद्ध्वस्त झालं. एका अंगाला पालीचा बल्लाळेश्वर, दुसऱ्या अंगाला महडचा वरदविनायक, मध्ये हे गाव. देव असता तर जाब विचारता आला असता. सैतान असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या. दोन्ही नसले की उरतो तो पाऊस, डोंगरउतार आणि नदी. त्यांच्यावर रागावता येत नाही. हे एकटेपण नास्तिकाच्या वाट्याला येतं आणि त्याबद्दल आम्ही लोक फारसं बोलत नाही.

भूत नाकारण्यात कुणाचं काही जात नाही, असं लोक समजतात. जातं. माझे वडील २०१६ साली श्रावणात गेले. मी क्रिया करणार नाही हे त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यावर ते "बरं" म्हणाले होते, एवढंच. धाकट्या भावानं सगळं केलं. दहाव्याला कुंडलिकेच्या काठी मी नुसता उभा होतो आणि कावळा शिवेना. सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. काका कानाशी येऊन म्हणाले, "अरे, एकदा म्हण ना, दादा, तुमच्या मनासारखं करीन म्हणून." त्या सकाळी तिथे आधीच दोन दहावे होऊन गेले होते. कावळे पोटभर जेवून, भिजून पिंपळावर पिसं फुगवून बसले होते. मी काही बोललो नाही. अर्ध्या तासानं भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून शिवला. शास्त्रात सोय आहे म्हणाले. चांगले गृहस्थ.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी कुजबुज सुरू झाली, की रात्री ओटीवरचा झोपाळा वाजतो. वडील रोज संध्याकाळी त्यावर बसून रेडिओ ऐकायचे. आत्या म्हणाली, एखादा भगत आणून नारळ तरी फिरवून घ्या. भगत या घरात येणार नाही, हे मी ठणकावून सांगितलं. ते सोपं होतं.

आईचं सोपं नव्हतं. मागच्या खोलीतलं अंथरूण उचलून ती माजघरात, ओटीच्या दाराशी झोपायला लागली होती. पहिल्यांदा वाटलं, घाबरून. पण घाबरलेलं माणूस दाराच्या जवळ कशाला जाईल? ती ऐकत पडलेली असायची. आत्या त्याला भूत म्हणत होती, आई काहीच म्हणत नव्हती. देव नाही हे मी तिला कॉलेजात असतानाच सांगून मोकळा झालो होतो. तिनं ते हसण्यावारी नेलं, आपला दिवा आपण लावत राहिली. हे दुसरं 'नाही' मात्र हसण्यावारी जाणारं नव्हतं.

एका रात्री तिनंच विचारलं. "तुझ्या मते हे आता कुठेच नाहीत?"

"नाहीत, आई."

"आणि झोपाळा?"

"वारा येतो नदीवरून. कड्या गंजल्यात. उद्या तेल घालतो."

बराच वेळ ती गप्प होती. मला वाटलं झोप लागली.

"वारा तर वारा," ती म्हणाली. "तेल नको घालूस."