साठची कॅसेट

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिता येईना. कारण तो आमच्या दुकानाचा आहे, आणि आमच्या दुकानात कोणी इंग्रजी बोलत नव्हतं!

दारव्ह्याला बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. म्हणजे दुकान अजून आहे, कॅसेट नाहीत. मी जन्मले तेव्हाच कॅसेटचे दिवस संपत आले होते, तरी मागची एक रॅक भरलेली मला आठवते. बाबांची खरी ख्याती रेकॉर्डिंगची. लोक वहीच्या कागदावर यादी लिहून आणायचे. "भाऊ, साठच्या कॅसेटमध्ये बसवून द्या." साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून बाबा आधी मिनिटांची बेरीज करायचे, मग डबल डेकवर एकेक गाणं उतरवायचे. तासाभराच्या कॅसेटला तास लागणारच, घाई करून चालत नाही. मग आतल्या कार्डावर मोत्यासारख्या अक्षरात गाण्यांची नावं. थर्ड इयरला आल्यावर मी सहज हिशोब केला. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे तीस मिनिटांत जवळजवळ ८६ मीटर! चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीची ती पट्टी अडकली की बाबा पेन्सिल घालून शांतपणे गुंडाळत बसायचे.

दुकानाला सीझन असायचा. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी भीमगीतं. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद शिंदे. उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीच्या स्टेजवरच कोसळले आणि गेले. त्या आठवड्यात त्यांची एकही सीडी उरली नाही, असं बाबा सांगतात. तुकडोजी महाराजांची भजनं बारमाही. नवरात्रात मंडळवाले, आणि लग्नसराईत बँडवाले नवीन गाणी बसवायला यायचे.

फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ साली. पण आपल्याकडे ती गरिबाच्या हातात आली ऐंशीच्या दशकात, गुलशन कुमारच्या टी-सीरिजमुळे. स्वस्त कॅसेट, पानठेल्यावरसुद्धा मिळायची. बाबांसारख्यांनी दुकानं टाकली ती त्याच लाटेवर. मग एमपीथ्री सीडी आली, एकात दीडशे गाणी. मग मेमरी कार्ड. खेड्यावरचे पोट्टे बाजाराच्या दिवशी मोबाईल घेऊन काउंटरवर रांग लावायचे. "भाऊ, टू जीबी फुल करून द्या." बाबांना आता यादी लागत नव्हती. फोल्डर सिलेक्ट, कॉपी, पेस्ट. चेहराही न पाहता.

मी सहावीत असताना कॉम्प्युटरच्या तासाला पायरसी शिकवली. टीचर म्हणाल्या, इट इज स्टीलिंग. रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, मग आपण चोर आहोत का?" आईने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. बाबा जेवत राहिले. हात धुऊन आल्यावर एवढंच म्हणाले, "तुझी फी त्याच्यातूनच जाते बेटा." वर्गातल्या किती मुलींची फी मेमरी कार्डातून जात होती, कोणास ठाऊक. मी मात्र त्या दिवसापासून दुकानात जाणं कमी केलं.

तेच २०१६ साल. फेब्रुवारीअखेर मुंबईला काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. १९४८ पासूनचं दुकान. बाबा लग्नाआधी एकदा तिथे जाऊन आले होते, फक्त पाहायला. बातमी लागली तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवला आणि म्हणाले, "एवढं मोठं दुकान बंद पडते, तर आपलं काय?" पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि मग ईडीने जप्त केली, तो वेगळाच सिनेमा! त्याच्या दहा वर्षं आधी, २००६ साली, अमेरिकेतलं टॉवर रेकॉर्ड्स गेलं होतं. पण दारव्ह्यात तो दिवस आणला तो मीच, असं मला अजून वाटतं.

५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. नेट फुकट. मीच हट्ट करून बाबांना सिमच्या रांगेत उभं केलं आणि घरी येऊन यूट्यूब लावून दिलं. "बाबा, कोणतंही गाणं सांगा." त्यांनी एका जुन्या कव्वालीचं नाव सांगितलं. नागपूरच्या होलसेलवाल्याकडे कितीदा मागूनही ती त्यांना मिळाली नव्हती. चार सेकंदांत लागली. मी टाळ्या वाजवल्या! बाबा रात्री उशिरापर्यंत अंगणात फोन कानाला लावून बसले होते. मला वाटलं, खूश झाले.

होळीपर्यंत कार्ड भरायला येणारे संपले. कॉम्प्युटर घरी आला. आता दुकानात कव्हर, चार्जर, टेम्पर्ड ग्लास. कॉलेजात कोणी विचारलं तर मी "बाबांचा इलेक्ट्रॉनिक्सचा बिझनेस आहे" असं सांगते. सांगत होते.

या दिवाळीत माळ्यावरून डेक काढला. बेल्ट वितळून चिकट झाला होता, तो बदलला, हेड स्पिरिटने पुसलं. न नेलेल्या कॅसेटचा एक डबा सापडला. एकीच्या कार्डावर गाण्यांखाली लिहिलेलं, "बाकी ५ रु." तीच लावली. चालली! मी ओरडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, "स्पीड जास्त हाये."

मला तर काहीच फरक कळला नव्हता. बाबा हात पुसत आले. मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं, आम्हाला कोणी शिकवलं नाही. त्यात घड्याळाचा स्क्रू-ड्रायव्हर घालून डोळे मिटले, आणि केसभर फिरवला.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)