दुखणे रेड्याला, डाग पखालीला

पिकाचे दुखणे ओळखायला शिकवणे हे माझे रोजचे काम. बीएस्सी ॲग्री झाल्यापासून शिरूर तालुक्याच्या बांधाबांधाने हिंडतो आहे. कांद्याची पात पिवळी पडली की कुणीतरी दुकानातून बाटली घेऊन येतो. त्याला मी सांगतो, "बाबा, आधी रोप उपटून मूळ बघ. वाफ्यात पाणी साचून मूळ कुजलं असेल तर पातीवर औषध मारून काय होणार?" जन्मभर लोकांना सांगितलेला हा धडा मी माझ्याच दारातल्या जीपच्या बाबतीत विसरलो. त्याची झळ घराला लागली. म्हणून ही हकिगत आज तुमच्यापुढे ठेवतो. जुने इंजिन आज कुणाच्या दारात नाही?

आमचे घर कवठे येमाईचे. शेती थोरले बंधू पाहतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. जीप वडिलांनी घेतलेली, जुनी, पेट्रोलवरची. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या जातीच्या जुन्या गाड्या दणकट, पण पेट्रोल फार पीत. डिझेल स्वस्त, म्हणून गावोगावी लोकांनी इंजिने बदलून घेतली. वडिलांनीही डिझेल इंजिन बसवले. पुढे कितीतरी वर्षे त्या जीपने दुधाचे कॅन वाहिले, पाहुणे आणले, येमाईच्या यात्रेला घरची माणसे नेली. तक्रार म्हणून नाही.

तक्रार सुरू झाली ती टर्बो बसवल्यावर. कांद्याची ट्रॉली जोडून मंचरच्या बाजाराला जाताना चढाला गाडी दम टाकायची. एका मिस्त्रीने जुन्या गाडीचा टर्बो बसवून दिला आणि पंपाचे डिझेल वाढवून दिले. जीप घोड्यासारखी धावू लागली. महिन्याभरात हेड गॅस्केट गेले. नवे टाकले. दीड महिन्याने पुन्हा गेले. पुन्हा टाकले.

गाडी चालवायचा दादांचा मुलगा, माझा पुतण्या. वय बावीस. तो मला म्हणाला होता, "तात्या, सपाटीला काटा जागेवर असतो. चढाला लोड घेतला की वर चढतो. कुठं गळत नाही, तरी पाणी कमी होतंय." मी त्याचे ऐकून घेतले नाही. "पाणी न बघता गाडी दामटतोस, दुसरं काय!" एवढे बोलून मी मोकळा झालो.

तिसऱ्यांदा गॅस्केट गेले ते रात्री. आईला दम लागला होता. तिला शिरूरला दवाखान्यात नेत असताना मलठणच्या अलीकडे इंजिनाने वाफ सोडली आणि जीप बंद पडली. पाऊण तास आम्ही रस्त्यावर उभे. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला आणि आई दवाखान्यात पोहोचली. देवीच्या कृपेने ती सावरली. पण त्या रस्त्यावर, टेम्पोवाल्यादेखत, मी पुतण्याला नको ते बोललो. "तुझ्या हलगर्जीपणानं आज आई गेली असती," असे म्हणालो.

त्याने उलट उत्तर केले नाही. आठ दिवसांनी तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागला. जीपची किल्ली वहिनींच्या हातात ठेवून गेला. दादा मला फक्त एवढेच म्हणाले, "लोकांच्या पिकाची मुळं उपटून बघतोस. घरच्या गाडीचं मूळ बघितलंस का?"

ते वाक्य मला झोंबले. रविवारी जीप उघडून बसलो. सीटखाली डेअरीची एक जुनी वही सापडली. पुतण्याच्या अक्षरात तारीखवार नोंदी होत्या. कुठे पाणी घातले, किती घातले, गाडी किती चालली. सुरुवातीला आठवड्याला अर्धा लिटर, मग एक, मग दोन. प्रत्येक वेळी गॅस्केट जायच्या आधी आकडा असाच वाढत गेलेला. ज्याला मी बेफिकीर म्हणालो, त्याने इतकी बारीक नोंद ठेवली होती. वही हातात घेऊन मी बराच वेळ गोठ्याच्या ओट्यावर बसून राहिलो.

मग जळालेली तिन्ही गॅस्केटे शोधली. दोन गोठ्याच्या खिळ्याला अडकवलेली होती, तिसरे जीपमध्येच होते. तिन्ही शेजारी शेजारी मांडली. तिन्ही एकाच जागी जळाली होती. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवरून निघालेली काळी रेघ शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती. चालवणाऱ्याची चूक असती तर ती दर वेळी नेमकी त्याच बोटभर जागेवर कशी उमटली असती?

शिरूरला एक वयस्क मेकॅनिक आहेत, सारी हयात डिझेल इंजिनांत गेलेली. वही आणि गॅस्केटे घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, गॅस्केट हा साक्षीदार आहे. तुम्ही तीनदा साक्षीदार बदलला, चोर घरातच राहिला."

त्यांनी चोर कसा शोधला ते नीट सांगतो. इंजिन तापून गॅस्केट जाते, की गॅस्केट गेल्यामुळे इंजिन तापते, हे आधी ठरवावे लागते. दुरुस्तीनंतर गाडी चालू लागली की दर आठवड्याला इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढायचे, इंजिन सुरू करायचे आणि पाण्याकडे बघायचे. पाणी कोमट व्हायच्या आतच सारखे बुडबुडे येऊ लागले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नका, उकळते पाणी तोंडावर येते. ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी आत उतरले आहे. मग इंजिन एक मिनिटही चालवू नये.

आमचे हेड उतरवून त्यांनी त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून फिलर गेज घातले. जिथे गॅस्केट जळत होते, नेमकी तिथेच फट निघाली. अशा हेडला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतची फट चालते. आमची त्याच्या दुप्पट होती. हेड वाकले होते आणि आम्ही त्यावर तीनदा नवे गॅस्केट ठेवले होते. हेडचे दोन स्टड ताणून लांबलेले निघाले. ते टॉर्क पान्याने नव्हे, हाताच्या अंदाजाने आवळले होते.

पण हेड वाकले का? डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, तिसरा धुरावाटे जातो आणि उरलेला बराचसा पाण्याला वाहून न्यावा लागतो. डिझेल वाढवले, तशी उष्णताही वाढली. रेडिएटर मात्र पेट्रोल इंजिनाच्या मापाचाच राहिला होता. त्यात आम्ही वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातलेले. आत चुन्याचा थर बसून निम्म्या नळ्या बुजल्या होत्या, बाहेरून जाळीत कांद्याची साले अडकली होती. शिवाय टर्बोमुळे सिलिंडरमधला दाबही वाढला. पेट्रोल जीपमध्ये मिश्रण सुमारे सात पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. त्यावर टर्बो आणखी हवा कोंबतो. चढाला लोड आला की हेड केसभर उचलले जायचे आणि वायूला वाट मिळायची. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील. पाण्याला आणि गोट्याला एकदा जागा सापडली की काळा पाषाणही कोरला जातो. गॅस्केटचे काय घेऊन बसलात!

पुतण्या पहिल्याच दिवशी म्हणाला होता, चढाला काटा चढतो, सपाटीला उतरतो. सारे निदान त्या एका वाक्यात होते.

आता शेवटची कबुली. पंपाचे डिझेल वाढवायला कुणी सांगितले? पुतण्याने नाही. "एकाच खेपेत माल गेला पाहिजे," असे मिस्त्रीला मीच म्हणालो होतो. पैसेही मीच दिले. इंजिनात असा बदल परवानगीशिवाय करणे कायद्यालाही धरून नाही, हे सरकारी नोकर असून मी नजरेआड केले.

मग टर्बो काढला, पंप मापावर आणला. हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेतला, स्टड नवे घातले. टॉर्क पान्याने मधून कडेकडे, तीन टप्प्यांत हेड आवळले. रेडिएटरचा गाभा मोठा बसवला. बोअरचे पाणी बंद केले, आता शुद्ध पाण्यात कूलंट घालतो. कांदा दोन खेपांत जातो. वर्ष झाले, बुडबुडा नाही.

ती वही घेऊन मी रांजणगावला गेलो. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर पुतण्याला म्हणालो, "चूक माझी होती. तू खरं सांगत होतास." तो वही चाळत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "तात्या, पाण्याची नोंद पुढं ठेवली का?" ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ठेवू लागलो.

तो अजून रांजणगावलाच आहे. रविवारी घरी येतो. आजीला भेटतो, मग जीपचे बॉनेट उघडतो, मग जेवायला बसतो. कायमचा परत येईल का, हे मी विचारत नाही. तो हक्क मी त्या रात्री मलठणच्या रस्त्यावर घालवला.

तुमच्याकडे मोटर असो, पंप असो की ट्रॅक्टर, एकच भाग दुसऱ्यांदा गेला की तिसरा विकत आणायच्या आधी जुने दोन शेजारी मांडून बघा. आणि जो ते यंत्र रोज चालवतो, त्याला समोर बसवून त्याचे पुरते ऐकून घ्या.